कर्टिस : एक आडनाव आणि फुलांचे मासिक



मागच्या सत्रात आपल्या ग्रंथालयात फुलांच्या जुन्या चित्रांचे एक कॅलेंडर लावले होते. मधल्या सुट्टीत इयत्ता आठवीतील एक विद्यार्थिनी ते बारकाईने पाहत उभी होती. एका चित्राच्या तळाशी, भिंग लावूनच वाचता यावे इतक्या बारीक अक्षरांत 'डब्ल्यू. कर्टिस' असे नाव आणि एक तारीख कोरलेली होती. तिने विचारले, "सर, हे फुलाचे नाव की चित्र काढणाऱ्याचे?"

आम्ही तत्काळ सांगून टाकले, "चित्रकाराचे." घरी जाऊन पुस्तके चाळली तेव्हा लक्षात आले की आमचे उत्तर साफ चुकले होते. कर्टिस हे ना फुलाचे नाव, ना चित्रकाराचे. मग ते तिथे का आहे? आणि दोनशे वर्षांहून अधिक काळ ते एका मासिकाच्या नावात टिकून कसे राहिले? चुकीचे उत्तर आम्हीच दिले, तेव्हा बरोबर उत्तर देण्याची जबाबदारीही आमचीच. म्हणून हा लेख.

गोडबोले आणि चिखलीकर

प्रथम आडनावाविषयी. आपल्याकडे आडनावे कशी पडली हे तुम्हाला ठाऊक आहे. गावावरून पडलेली 'कर' लागणारी नावे, हुद्द्यावरून पडलेली कुलकर्णी, देशपांडे ही नावे, धंद्यावरून पडलेली सोनार, सुतार ही नावे आणि स्वभावावरून पडलेली गोडबोले, शहाणे अशी नावे. इंग्रजी आडनावांचेही साधारण हेच चार-पाच प्रकार आहेत. स्मिथ म्हणजे लोहार. जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा. सॉवरबी हे आडनाव गावावरून आले आहे. त्या गावाच्या नावाचा मूळ अर्थ 'चिखलाच्या, पाणथळ जमिनीवरची वाडी' असा आहे. म्हणजे आपल्याकडचे चिखलीकरच म्हणा ना! हे सॉवरबी पुढे आपल्या गोष्टीत येणार आहेत, म्हणून लक्षात ठेवा.

कर्टिस हे आडनाव स्वभावाचे. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यांची फ्रेंच बोली तिथे रुळली. त्या बोलीत 'कुर्तेइस' म्हणजे दरबारी रीतभात असलेला, सभ्य, अदबीने वागणारा माणूस. त्यावरून कर्टिस. आपल्याकडचे गोडबोले त्याच्या जवळचे ठरतील. आणखी एक व्युत्पत्ती सांगतात. आखूड विजार किंवा आखूड मोजे घालणाऱ्याला लोक चेष्टेने 'कर्टहोज' म्हणत, आणि काही कर्टिस घराण्यांचे नाव त्या टोपणनावावरून आले असावे. इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाच्या थोरल्या मुलाला, रॉबर्टला, लोक हेच टोपणनाव लावीत.

तर असे हे साधे आडनाव. इंग्लंडमध्ये ते हजारो घरांत आहे. त्यांतल्या एका घराने ते वनस्पतिशास्त्रात नेले.

मोतद्दाराची पुस्तके

विल्यम कर्टिस यांचा जन्म १७४६ साली दक्षिण इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यातल्या ऑल्टन या लहान गावी झाला. चौदाव्या वर्षी त्यांना आजोबांकडे उमेदवारीला ठेवले. आजोबांचा औषधांचा धंदा होता. त्या काळचा औषधवाला पाने, मुळे, साली कुटून औषधे करी आणि थोडी वैद्यकीही करी, त्यामुळे झाडे ओळखणे हा त्या धंद्याचाच भाग होता.

घराशेजारी वाटसरूंची एक सराई होती. तिथे घोड्यांची निगा राखणारा एक मोतद्दार होता. शाळेत फारसा न गेलेला हा माणूस जुने वनस्पतिग्रंथ वाचून रानातली झाडे ओळखायला शिकला होता. जॉन जेरार्ड यांचा १५९७ साली प्रथम छापलेला मोठा ग्रंथ आणि त्यांच्यानंतरच्या जॉन पार्किन्सन यांचे लेखन ही त्याची पाठ्यपुस्तके होती. पोरगेल्या विल्यमला झाडांचा नाद लावला तो या मोतद्दाराने.

आता आपल्यासाठी एक गंमत. पार्किन्सन यांनी १६४० साली जो विशाल वनस्पतिग्रंथ छापला त्यात हिंदुस्थानातील झाडे आणि औषधे यांच्याबद्दल लिहिताना 'गार्सिया' हे नाव पुन्हापुन्हा येते. हे गार्सिया म्हणजे गार्सिया द ओर्टा. पणजीतील नगरपालिकेच्या बागेला ज्यांचे नाव आहे तेच. हे पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिले आणि येथील औषधी द्रव्यांवर त्यांनी संवादरूपाने लिहिलेले पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापले गेले. १५६७ साली क्लुसियस या विद्वानाने त्याचा संक्षेप लॅटिनमध्ये करून अँटवर्प येथे छापला आणि गोव्याची माहिती युरोपभर पोचली. तेथून ती इंग्रजी ग्रंथांत उतरली. ऑल्टनच्या तबेल्यातला मोतद्दार जी पुस्तके वाचीत होता त्यांच्या मागे असा हा गोव्याच्या छापखान्यापर्यंत जाणारा धागा आहे.

लंडनच्या तणांचे मोठे पुस्तक

विशीत कर्टिस लंडनला आले आणि त्यांनी औषधांचे दुकान चालवले. पण गल्ल्यावर बसून त्यांचे लक्ष लागेना. शेवटी दुकान दुसऱ्याला देऊन ते पूर्णवेळ झाडांच्या मागे लागले. चेल्सी येथे औषधवाल्यांच्या संघाने १६७३ पासून औषधी वनस्पतींची बाग राखली होती. तेथे उमेदवारांना झाडे दाखवून शिकवण्याचे काम त्यांनी काही वर्षे केले, आणि १७७७ साली ते काम सोडले.

याच सुमारास त्यांनी एक मोठा संकल्प केला. लंडनच्या आसपास दहा मैलांच्या परिसरात आपोआप उगवणाऱ्या प्रत्येक वनस्पतीचे चित्र काढायचे, तेही शक्यतो खऱ्या आकाराएवढे, आणि तिची माहिती द्यायची. बागेतली फुले नव्हेत. भिंतीच्या कडेची, नाल्याकाठची, शेताच्या बांधावरची तणे! पुस्तकाचे नाव 'फ्लोरा लंडिनेन्सिस', म्हणजे लंडनची वनस्पतिसंपदा. विल्यम किलबर्न, जेम्स सॉवरबी, सिडनहॅम एडवर्ड्स असे कसलेले चित्रकार त्यांनी कामाला लावले. एकेक भाग ७२ चित्रांचा, असे सहा भाग १७९८ पर्यंत निघाले. एकूण ४३२ चित्रे.

जाणकारांनी पुस्तकाची तोंड भरून स्तुती केली. आजही ते त्या काळातील उत्तम वनस्पतिग्रंथांत गणले जाते. पण विकत कोण घेणार? मोठ्या आकाराचे, महाग, हाताने रंगवलेले पुस्तक घेण्याची ऐपत श्रीमंतांची. आणि श्रीमंतांना दारातले गवत कशाला हवे? त्यांना दूरदेशीची, काचघरात फुलवलेली नवलाईची फुले हवी होती. वर्गणीदार सुमारे तीनशेच्या वर गेले नाहीत. कर्टिस यांचा पैसा त्यात बुडू लागला.

दारातल्या वनस्पती आणि कीटक ओळखण्याचा उपयोग काय, असे कुणी विचारले तर १७८२ सालची हकिगत सांगावी. त्या वर्षी लंडनभोवतीच्या कुंपणांवर आणि झाडांवर सुरवंटांची जाळीच जाळी लटकू लागली. लोक घाबरले. रोगराई येणार, पिके जाणार अशी भीती पसरली. चर्चमधून प्रार्थना झाल्या. गरिबांना मजुरी देऊन जाळी तोडून आणवली आणि त्यांची होळी केली. कर्टिस यांनी एक छोटी पुस्तिका काढली. हा सुरवंट कोणत्या पतंगाचा, तो काय खातो, त्याचे पुढे काय होते हे त्यांनी निरीक्षणाने सांगितले. हे किडे ठरावीक झाडांची पाने खातात, झाडांना पुन्हा पालवी फुटेल आणि याचा रोगराईशी संबंध नाही, असा त्याचा सारांश. ज्याने तणाकडे आणि किड्याकडे नीट पाहिले होते त्याच्याकडे भीतीवरचे औषध होते.

एका शिलिंगात तीन फुले

१७७९ साली कर्टिस यांनी लंडनच्या लॅम्बेथ भागात स्वतःची बाग काढली. वर्गणी भरणाऱ्यांना तिथे येऊन झाडे पाहता येत. या वर्गणीदारांना, विशेषतः घरी बागकामाची हौस असलेल्या स्त्री-पुरुषांना, एक अडचण होती. परदेशातून आणलेली नवी फुलझाडे त्यांच्या बागेत होती, पण त्यांचे खरे नाव काय, ती कशी लावावी, थंडीत जपावी कशी हे सांगणारे सोपे पुस्तक नव्हते. असे काही काढा, असा आग्रह ते कर्टिस यांना वारंवार करीत.

त्यातून १ फेब्रुवारी १७८७ रोजी 'बोटॅनिकल मॅगझिन' या मासिकाचा पहिला अंक निघाला. फ्लोरापेक्षा सगळेच उलटे. आकार हातात मावेल एवढा. अंकात तीनच चित्रे. किंमत एक शिलिंग, म्हणजे पौंडाचा विसावा भाग. पहिल्या तीन चित्रांत एक इराणकडचे आयरिस, एक अमेरिकेतले जांभळ्या पाकळ्यांचे रुडबेकिया आणि एक ऐन हिवाळ्यात फुलणारे युरोपातले पिवळे फूल. प्रत्येक चित्रासोबत फुलाचे लॅटिन नाव, इंग्रजी नाव, ते लिनियसच्या पद्धतीप्रमाणे कोणत्या वर्गात बसते ते, आणि लावावे कसे याची चार ओळींची माहिती.

मासिक चालले. सुमारे ३,००० प्रती खपू लागल्या. कर्टिस यांच्याबद्दल असे सांगतात की एका पुस्तकाने मला शाबासकी दिली आणि दुसऱ्याने पोटाला दिले, असे ते म्हणत. आम्हाला त्यातली खरी गोष्ट पुढची वाटते. पोटाला मिळाले म्हणून त्यांनी शाबासकीचे काम सोडले नाही. मासिक सुरू झाल्यावरही अकरा वर्षे लंडनच्या तणांचे भाग निघत राहिले. मासिकातल्या बागेच्या फुलांनी रस्त्याकडेच्या तणांचा खर्च सोसला.

चित्राखाली नाव का?

आता आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. चित्राच्या तळाशी कर्टिस यांचे नाव का?

त्या काळी चित्र छापायचे तर ते आधी तांब्याच्या पत्र्यावर उलटे कोरावे लागे. कोरलेल्या रेघांत शाई भरून, पत्रा पुसून, ओलसर कागद त्यावर दाबून छाप घेत. एवढे कष्ट करून काढलेले चित्र दुसरा छापखानेवाला सहज नकलून विकी. या चोरीला कंटाळून विल्यम होगार्थ या चित्रकाराने आणि त्याच्या सोबत्यांनी पार्लमेंटकडे दाद मागितली, आणि १७३५ साली कोरीव चित्रांच्या हक्काचा कायदा झाला. त्याप्रमाणे चित्राला १४ वर्षे संरक्षण मिळे. पण अट अशी होती की मालकाचे नाव आणि प्रसिद्धीची तारीख प्रत्येक पत्र्यावर कोरलेली हवी.

म्हणून ते बारीक नाव आणि ती तारीख. ती चित्रकाराची सही नव्हे, तर 'हे चित्र माझे आहे, अमुक तारखेला छापले, नक्कल करू नका' अशी कायद्याने सांगितलेली मोहोर आहे. आज पुस्तकाच्या मागच्या पानावर आपण हक्काची ओळ छापतो, तिचीच ही पणजी.

याचा आपल्याला एक उपयोग होतो. प्रत्येक चित्रावर तारीख असल्यामुळे कोणते फूल युरोपात केव्हा पोचले, कोणाच्या बागेत केव्हा फुलले हे आज अभ्यासकांना ठरवता येते. चोरी रोखण्यासाठी घातलेली ओळ इतिहासाची नोंद होऊन बसली.

रंग कोणी भरले?

तांब्याच्या पत्र्यावरून छापलेले चित्र काळ्या रेघांचेच येई. रंग त्यानंतर, हाताने, प्रत्येक प्रतीत! नमुन्याचे एक चित्र समोर ठेवायचे आणि त्याबरहुकूम एकाने हिरवा, दुसऱ्याने पिवळा, तिसऱ्याने लाल असे पाण्याचे रंग भरत जायचे.

जरा गणित करून पाहा. अंकात तीन चित्रे आणि ३,००० प्रती म्हणजे महिन्याला ९,००० चित्रे. समजा तीस माणसे महिनाभर एकही सुट्टी न घेता बसली, तरी प्रत्येकाला रोज दहा चित्रे रंगवावी लागतील. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. असे हे काम दीडशेहून अधिक वर्षे चालले. १९४८ पर्यंत या मासिकातली चित्रे हातानेच रंगवली जात होती. जगात विमाने उडू लागली, दोन महायुद्धे झाली, तरी इकडे कुणीतरी पाकळीत रंग भरीतच होते.

या रंगवणाऱ्यांपैकी फार थोड्यांची नावे आज सांगता येतात. चित्रावर मालकाचे नाव कायद्याने कोरले गेले. रंग भरणाऱ्याचे नाव कोरावे असे कोणत्याच कायद्यात नव्हते.

चित्रकारांचेही नशीब कमीअधिकच. मघाचे सॉवरबी आठवतात ना? त्यांनी पुढे १७९० पासून 'इंग्लिश बॉटनी' हे ३६ खंडांचे प्रचंड काम केले. त्यातली माहिती जेम्स एडवर्ड स्मिथ या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने लिहिली. पण स्मिथ यांनी सुरुवातीला आपले नाव छापू दिले नाही. परिणाम असा की लोक त्या ग्रंथाला 'सॉवरबीची बॉटनी' म्हणू लागले आणि तेच नाव कायम झाले. स्मिथ यांना पुढे याचे वाईट वाटले, पण उपयोग नव्हता. एकदा लोकांच्या तोंडी बसलेले नाव सहसा हलत नाही.

आणखी एका स्मिथची ओळख करून द्यायला हवी. मॅटिल्डा स्मिथ यांचा जन्म १८५४ साली मुंबईत झाला. लहानपणीच त्या इंग्लंडला गेल्या. १८७८ पासून चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी कर्टिस यांच्या मासिकासाठी चित्रे काढली. एकूण २,३०० हून अधिक! वाळलेली, चुरगळलेली, अर्धवट सुकलेली झाडे समोर ठेवून ती जिवंत असताना कशी दिसत असतील ते कागदावर उतरवण्यात त्यांचा हातखंडा होता. कोमेजलेल्या टाकळ्याचे हुबेहूब चित्र काढून पाहा, म्हणजे त्यांच्या कामाची कल्पना येईल.

नाव आले, गेले, परत आले

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. मासिकाचे नाव 'बोटॅनिकल मॅगझिन' होते. त्यात कर्टिस यांचे नाव नव्हते. कर्टिस १७९९ साली वारले. त्यानंतर जॉन सिम्स हे डॉक्टर संपादक झाले, आणि १८०१ पासून मासिकाच्या नावातच 'कर्टिस यांचे' हा शब्द आला. संपादक हयात असताना त्यांचे नाव चित्राच्या तळाशी बारीक अक्षरांत होते. ते गेल्यावर पुढच्यांनी ते शीर्षकात घेतले.

आडनाव घरातही टिकले. कर्टिस यांना एकच मुलगी, सेरा. तिचे लग्न १८०१ साली सॅम्युएल कर्टिस यांच्याशी झाले, म्हणजे माहेरचे आणि सासरचे आडनाव एकच! हे जावई पुढे मासिकाचे मालक झाले.

मासिकावर संकटेही आली. १८१५ साली सिडनहॅम एडवर्ड्स यांनी, ज्यांना कर्टिस यांनीच चित्रकला शिकवून तयार केले होते, हे मासिक सोडले आणि स्वतःचे प्रतिस्पर्धी मासिक काढले. ते १८४७ साली बंद पडले. कर्टिस यांचे मासिक चालू राहिले. १८२७ पासून विल्यम हूकर यांनी संपादन हाती घेतले. पुढे ते लंडनजवळच्या क्यू येथील प्रसिद्ध वनस्पती उद्यानाचे संचालक झाले आणि मासिकाचा क्यूशी संबंध जुळला तो कायमचा. त्यांच्यानंतर त्यांचे पुत्र जोसेफ हूकर यांनी १८६५ ते १९०४ असे जवळजवळ चाळीस वर्षे ते सांभाळले.

तोवर ते केवळ हौशी बागवानांचे मासिक राहिले नव्हते. अनेक वनस्पतींचे पहिले वर्णन त्यातच छापले गेले. आपले कमळही त्यात आले. थिओडोर कुक हे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर जो मोठा ग्रंथ लिहिला आणि जो १९०१ ते १९०८ या काळात छापला गेला, तो उघडा. झाडाच्या नावापुढे दिलेल्या संदर्भांत 'बॉट. मॅग.' अशी त्रोटक अक्षरे आणि पुढे चित्राचा क्रमांक दिसेल. ते हेच एका शिलिंगाचे मासिक.

मग १९८४ साली मासिकाचे नाव बदलून 'क्यू मॅगझिन' ठेवले गेले. कर्टिस हे नाव शीर्षकातून गेले. दहा-अकरा वर्षे असे चालले आणि १९९५ साली जुने नाव पुन्हा परत आणले. आजही ते 'कर्टिस यांचे बोटॅनिकल मॅगझिन' म्हणूनच प्रसिद्ध होते, आणि त्यात आजही चित्रकारांनी हाताने काढलेली चित्रे असतात. शिवाय दक्षिण आफ्रिकेतील एका वृक्षाच्या प्रजातीला 'कर्टिसिया' हे नाव आहे. पण ते फक्त अभ्यासकांना ठाऊक. लोकांच्या लक्षात राहिले ते मासिकावरचे नाव.

आणि आपली नावे?

हा सगळा वृत्तान्त आम्ही वर्गात सांगितला तेव्हा त्याच विद्यार्थिनीने पुढचा प्रश्न विचारला, "सर, झाडे तर आपल्याकडचीही होती. मग चित्राखाली आपल्या माणसांचे नाव कुठे आहे?"

या वेळी आम्ही उत्तर द्यायची घाई केली नाही. प्रश्न योग्य आहे. बहुतेक ठिकाणी ते नाव नाही. झाड कुणी दाखवले, रानातून कुणी आणले, स्थानिक नाव कुणी सांगितले याची नोंद फारशी ठेवली गेली नाही.

पण एक मोठा अपवाद आहे आणि तो आपल्याला अभिमान वाटावा असा आहे. कर्टिस यांच्या शंभर वर्षे आधी, १६७८ ते १६९३ या काळात, अॅमस्टरडॅम येथे 'होर्तुस मलबारिकुस' हा मलबारच्या वनस्पतींवरचा ग्रंथ बारा खंडांत छापला गेला. तो करवून घेतला कोचीनचे डच अधिकारी व्हान ऱ्हीड यांनी. त्यांना माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते, आणि रंगभट, विनायक पंडित व आपू भट हे तीन कोकणी वैद्य होते, ज्यांची घराणी गोव्याकडून केरळात गेलेली. या तिघांनी १६७५ साली दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात त्यांच्या नावांसह जसेच्या तसे छापले आहे, आणि तेही नागरी अक्षरांत! युरोपात छापल्या गेलेल्या नागरी लिपीच्या अगदी जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते. ग्रंथकाराने ठरवले म्हणून ही नावे राहिली. ठरवले नसते तर तीही रंग भरणाऱ्यांच्या नावांसारखी विरून गेली असती.

नाव राहते ते आपोआप नव्हे. कुणीतरी ते लिहिण्याची तसदी घ्यावी लागते. कर्टिस यांचे नाव आधी कायद्याने लिहायला लावले, मग पुढच्या संपादकांनी आठवणीने जपले, आणि एकदा गेलेले परत आणले. रंगभटांचे नाव एका अधिकाऱ्याने इमानाने छापले.

आपली नोंदवही

यावरून आम्ही एक छोटासा उपक्रम ठरवला आहे. या पावसाळ्यात शाळेच्या आवारातील आणि कुंपणाबाहेरच्या रस्त्यावरील, आपोआप उगवणाऱ्या वनस्पतींची नोंदवही करायची. बागेतली फुले नकोत. टाकळा, आघाडा, दगडीपाला, माका, लाजाळू अशी दारातली झाडे. प्रत्येक पानावर एक चित्र, हाताने रंगवलेले.

पानाच्या तळाशी मात्र चार ओळी हव्यात : चित्र कुणी काढले, रंग कुणी भरला, तारीख कोणती, आणि झाडाचे नाव कुणी सांगितले. ती आजी असेल, शाळेचे माळीकाका असतील, बाजारात भाजी विकणाऱ्या बाई असतील. त्यांचे नाव त्यांना विचारून, शुद्ध लिहून घ्यावे. घरात मराठी बोलतात की कोकणी, ते ज्या शब्दाने झाड ओळखतात तोच शब्द लिहावा.

पालकांना विनंती की, मुलांनी झाडाचे नाव विचारले तर माहीत नसलेले नाव बेधडक सांगू नये. आम्ही तसे केले आणि फजिती झाली. "आपण शोधू या" म्हणावे. संस्थेच्या विश्वस्तांना विनंती की, कुंपणाकडेचा गवताचा पट्टा दसऱ्यापर्यंत कापू नये. तोवर आमची पाने रंगवून होतील.

नोंदवहीची निवडक पाने पुढच्या अंकात छापू. चित्रांखालची नावे बारीक अक्षरांत असतील, पण भिंगाशिवाय वाचता येतील याची काळजी आम्ही घेऊ.